एजंटची वही

कोडिंग एजंटला, म्हणजे आपल्यासाठी कोड लिहिणाऱ्या एआयला, कालचं काही आठवत नाही. आपल्याशी बोलून मॉडेल बदलत नाही. कॉन्टेक्स्ट विंडोत, म्हणजे त्या वेळी समोर असलेल्या मजकुरात, असेल तेवढंच त्याला दिसतं. नवीन सेशन, कोरी पाटी.

आमचं ॲप रत्नागिरीतल्या हापूस बागायतदारांसाठी. इथे पेटी म्हणजे ठरलेला आकडा नव्हे. फळ मोठं तर चार डझनाची, लहान असेल तर सहाचीसुद्धा. एजंट मात्र दर सेशनला पाच डझन धरून मोकळा! वर कोड तपासणाऱ्या टेस्टही त्याच हिशेबाने लिहायचा, म्हणजे सगळ्या पास, सगळं हिरवंगार.

आज रिपोमध्ये, म्हणजे कोडच्या फोल्डरमध्ये, 'एजंट्स डॉट एमडी' ही एजंटसाठीच्या सूचनांची फाईल टाकली. सोबत एक नोंदवही: काय ठरलं, का ठरलं, काय करून फसलं. काम उरकताना एजंटनेच लिहायची. संध्याकाळी नवीन सेशन उघडलं, तर गड्याने आधी वही वाचली आणि डझनाचा आकडा थेट पावतीतून घेतला. जीव भांड्यात पडला.

पण त्याच वहीत त्याने स्वतःहून लिहिलेलं: 'ही टेस्ट अधूनमधून फेल होते, दुर्लक्ष करावं.' अरे बाबा, पावसात आमची लाईट जाते, राउटर बंद पडतो, म्हणून फेल होते ती! असलं एकदा वहीत गेलं की पुढचं प्रत्येक सेशन ते ब्रह्मवाक्य मानणार. त्यामुळे वहीतली प्रत्येक ओळ आता गिटमधून (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल), कोडसारखीच रिव्ह्यू होऊन जाणार. जुन्या नोंदी छाटायच्याही, कारण वही वाचण्यातच कॉन्टेक्स्ट खर्च होतो.

आणि हो, वहीत पासवर्ड लिहू नका. कुणीतरी लिहितंच.