बारा महिने ड्युटी

नागपुरात गिझरला चार महिने काम, आठ महिने सुट्टी. दिवाळीच्या आसपास त्याचं बटण दाबलं जातं, डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की त्याच्यावाचून कोणाचं पान हलत नाही आणि होळीनंतर घरात त्याचं नावही निघत नाही. मे महिन्यात तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतून जे पाणी येतं, त्यात फक्त चहापत्ती टाकायची बाकी असते. तेव्हा आमच्याकडे उलटा कारभार चालतो. आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. बंद गिझरमध्ये रात्रभर मुरलेलं पंधरा लिटर पाणी त्यातल्या त्यात गार असतं. पाहुण्यांना हे सांगितलं तरी पटत नाही.

पण या सुट्टीतही एक जण कामावर असतो. टाकीच्या आत, कॉइलच्या शेजारी, मॅग्नेशियमचा रॉड. टाकी पोलादाची, आतून काचेसारख्या इनॅमलचा थर. त्या थराला कुठेतरी बारीक भेग असतेच आणि तिथून पाणी पोलादाला गाठतं. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा उतावीळ, त्यामुळे झिजायला तोच पुढे होतो आणि पोलाद वाचतं. याला वीज लागत नाही, नुसतं पाणी पुरतं. पाणी तापलं की वेग वाढतो, एवढंच.

मूळ युक्ती इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची, १८२४ सालची. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या बुडाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यात झिजत. त्यांना त्यानं लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून दिले. तांबं वाचलं. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच तर शेवाळ नि शिंपले लांब राहत होते! आता बुडाला त्यांची वसाहत झाली आणि जहाजं रेंगाळू लागली. गिझरात शिंपल्यांचा प्रश्न नाही, म्हणून इथे युक्ती बिनघोर चालते.

पेंच धरणाचं नळाला येणारं पाणी कमी पडलं की आमच्या टाकीत बोअरचं चढतं. ते जड. क्षार जास्त असले की रॉड लवकर संपतो, शिवाय कॉइलवर पांढरा थर बसतो. मग पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं, आणि लोक कॉइल बदलून घेतात. रॉडची चौकशी कोणी करत नाही, कारण तो नसल्यानं पाणी तापायचं थांबत नाही. तो संपल्यावरही गिझर महिनोन्महिने झकास चालतो. फक्त आता टाकी खाल्ली जात असते, आणि ते कळतं थेट गळायला लागल्यावर. मग नवा गिझरच.

"काऊन खोलता भाऊ, चालून राहिला ना?" मेकॅनिक दर वेळी विचारतो. चालून राहिला म्हणूनच, मी म्हणतो. तो मान हलवतो, मेन स्विच पाडतो, पाणी काढतो, खालचं फ्लँज, म्हणजे बोल्टांनी आवळलेलं झाकण, उघडतो. गेल्या खेपेला रॉडच्या जागी कुरतडलेली काडी निघाली. ती पाहून तोच म्हणाला, "बाप्पा! बरं झालं."

हे काम ऑक्टोबरात उरकावं. थंडी पडल्यावर हाच माणूस फोन उचलत नाही. आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, रॉड आणायला जाल तर गिझरचं मॉडेल लिहून न्या, नाहीतर दुकानदार बादलीत सोडायचा रॉड काढून समोर ठेवतो.