चक्कर आणि तुतीसारखा पुंजका

मंगळवार, रात्र

डोळ्यांपुढे अंधारी आली, घर गरगर फिरलं, चालताना तोल गेला, तरी आपल्याकडे सगळ्याला चक्करच म्हणतात. म्हणून तेवढंच ऐकून गोळी लिहून देणं मनाला पटत नाही. किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, हे आधी विचारायलाच हवं.

कूस बदलली की गरगरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, तर कानातले कॅल्शियमचे कण जागचे हललेले असतात. पुष्कळांचं दुखणं एवढंच. पण एखाद्याच्या लहान मेंदूत कॅव्हर्नोमा निघतो: पातळ भिंतींच्या, फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा तुतीसारखा पुंजका. एरवी तो फिट किंवा डोकेदुखीने कळतो, नुसती चक्कर ही विरळा खूण. आत रक्ताचा दाब कमी, त्यामुळे बहुधा थोडं थोडं झिरपतं. चक्कर काही दिवस छळते, ओसरते, आणि पेशंट बरा झालासं वाटतं. हेच फसवं. सोबत एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना ठसका किंवा आधाराशिवाय बसता न येणं असेल, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करावा.

गरगरणं सतत चालू असताना डॉक्टरांनी करायची एक तपासणी फार मोलाची. पेशंटने समोर बसलेल्या डॉक्टरांच्या नाकावर नजर ठेवायची, डॉक्टरांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून १० ते २० अंश झटकन वळवायचं. नजर घसरून उडी मारत परत आली, तर दोष बहुधा कानाचा. नजर ढळलीच नाही, तर मेंदूची शंका घ्यायची. उलटं वाटतं, पण तसंच आहे. घरी मात्र करू नये; मानेची धमनी दुखावलेली असेल तर झटका महागात पडेल.

सीटी नॉर्मल आला की लोक निर्धास्त होतात. लहान मेंदूभोवती जाड हाड, त्याने चित्रात रेघा उमटतात आणि छोटा पुंजका निसटतो. एमआरआय हवा, त्यातही एसडब्ल्यूआय सिक्वेन्स, म्हणजे रक्ताच्या खुणा टिपणारी एमआरआयची खास पद्धत. जुन्या रक्तातलं लोह तिथे काळंभोर उमटतं.

शेजारी छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या शिरा दिसल्या, तर त्यांना हात लावायचा नाही. चांगल्या मेंदूचं रक्त त्याच वाहून नेतात. पुंजकाही लगेच काढत नाहीत. पुन्हा पुन्हा रक्त झिरपलं आणि जागा हाताला येण्यासारखी असली, तर ऑपरेशनचा विचार. पुंजके अनेक असतील, तर भावंडांची आणि मुलांचीही विचारपूस करावी.