तुम्ही विचारलंत म्हणून: आजार पोटाचा, मग ऑक्सिजन कशाला?

“काहून वं पोरी, तुया बापाचं दुखणं पोटाचं, मंग मास्क तोंडाले कायले लावला होता?”

आर्वीच्या बाजारात, शाळेच्या फाटकाशी, हळदीकुंकवाच्या घरी, कुठेही गेलं तरी हा प्रश्न येतोच. दर वेळी उत्तर अर्ध्यावर राहतं, कारण तेवढ्यात एसटी येते नाहीतर कुणाचं तरी लेकरू रडायला लागतं. आज सगळं सांगते.

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज खाली का जातो, तेही मला कळतं. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर आमच्या गावात ऑक्सिजन हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. त्या दोन महिन्यांत ज्यांच्या तोंडाला मास्क लागला, त्यातले किती घरी परतले हे प्रत्येकाच्या लक्षात आहे. मी नागपूरहून आत्याला फोन करून “बाबांना ऑक्सिजन सुरू केलाय” म्हटलं, तर तिने पुढचं ऐकलंच नाही. फोन तसाच सोडून ती रडत अंगणात बसली.

बाबांना बारा वर्षांपासून साखरेचा आजार. शेवटचं वर्षभर त्यांचं पोट फुगायचं, आव पडायची, कधी रक्ताचा डाग दिसायचा. जंताच्या, अमिबाच्या गोळ्या झाल्या, ओवा-हिंग झालं. एका संध्याकाळी पोट फारच तटतटलं म्हणून तालुक्याला एक्स-रे काढला. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखाली हवा दिसली. “आतडं फुटलं असणार, आत्ताच नागपूर गाठा,” असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिथे हवा दिसली की बहुतेक वेळा आतड्याला भोकच पडलेलं असतं आणि उशीर जिवावर बेततो. पण बाबा खाटेवर उठून बसले होते आणि चहा मागत होते. “मले काई दुखत नाही, मंग पोट कायले फाडता?”

नागपूरच्या सर्जननी एक्स-रे बाजूला ठेवला आणि बराच वेळ बाबांच्या पोटावर हात ठेवून पाहिलं. पोट फुगलेलं होतं, पण मऊ. ताप नाही, उलटी नाही, रक्ताच्या तपासण्या ठीक. ऑपरेशनचं टेबल तयार ठेवून त्यांनी आधी सीटी स्कॅन करायला सांगितलं. तो हात आणि तो थांबलेला अर्धा तास मी जन्मभर विसरणार नाही.

स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याच्या भिंतीत हवेचे फुगे दिसले, द्राक्षांच्या घडासारखे एकाला एक चिकटलेले. आतड्याच्या पोकळीत नव्हे, भिंतीच्या आत. यातला एखादा फुटला की हवा पोटात सुटते आणि एक्स-रे भोक पडल्यासारखा दिसतो, पण आतडं मात्र शाबूत असतं. आजाराचं नाव न्यूमॅटोसिस सिस्टॉइडिस इंटेस्टिनॅलिस. दुर्मीळ आहे, पण नवा नाही. १७३० मध्ये एका शवविच्छेदनात त्याची पहिली नोंद झाली होती.

बाबांच्या पोटात हे फुगे का झाले असावेत? डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी पालथी करून त्यातली साखरेची एक गोळी बाजूला काढली, व्होग्लिबोज. ही गोळी भाकरी-भातातला स्टार्च लहान आतड्यात लवकर पचू देत नाही, म्हणून जेवणानंतर साखर उसळत नाही. पण न पचलेला स्टार्च पुढे मोठ्या आतड्यात जातो, तिथले जंतू तो आंबवतात आणि हायड्रोजन तयार होतो. अशा गोळ्या घेणाऱ्या थोड्या लोकांमध्ये हे फुगे आढळले आहेत. हजारो लोकांना त्याच गोळीने काही होत नाही, म्हणून हे वाचून कुणी आपली गोळी मनाने बंद करू नये. बाबांची डॉक्टरांनी बदलून दिली.

आता ऑक्सिजनचं. ओट्यावरच्या काकांना मी एसटीच्या भाषेत सांगितलं, तसंच इथेही सांगते.

आपण घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. नायट्रोजन शरीर वापरत नाही, तो रक्तात नुसता फिरत राहतो. म्हणजे रक्त ही नायट्रोजनने खच्चून भरलेली बस. फुग्यातला वायू थांब्यावर उभा असतो, पण दारातसुद्धा जागा नाही. एखाददुसरा चढतो, तेवढ्यात मागून जंतूंचा नवा वायू थांब्यावर येतो. फुगा तसाच राहतो. आता माणसाला बरेच तास जवळजवळ नुसता ऑक्सिजन दिला, तर छातीतून नायट्रोजन बाहेर पडत जातो आणि बस रिकामी होऊन थांब्यावर येते. फुग्यातला नायट्रोजन, हायड्रोजन भराभर चढतो, रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे निघून जातो. बदल्यात थोडा ऑक्सिजन फुग्यात उतरतो, पण तो साठत नाही, कारण आजूबाजूच्या पेशी तो वापरून टाकतात. शिवाय यातले पुष्कळ जंतू ऑक्सिजन नसलेल्या जागीच वाढणारे असतात, त्यांनाही तो सोसत नाही. काका म्हणाले, “म्हंजे तोंडातून पोटात काई गेलंच नाही!” अगदी बरोबर. गेलं ते रक्तातून.

हे १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या फोर्गाक्स नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांवर करून दाखवलं. पुढे काही ठिकाणी समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या माणसांसाठी असते तशा दाबाच्या कोठडीत बसवूनही ऑक्सिजन देऊ लागले.

बाबांना पिशवी लावलेला मास्क होता. मनगटाच्या धमनीतून रक्त काढून आत किती ऑक्सिजन चढलाय ते बघायचे. ते फार दुखायचं. जेवायला, बोलायला मध्ये सुट्टी. इतका तीव्र ऑक्सिजन सलग दिला तर फुप्फुसालाच इजा करतो, म्हणून ही सुट्टी आणि म्हणून सतत पहारा. सुरू करण्याआधी डॉक्टरांनी तीनदा विचारलं होतं, बिडी ओढता का, दमा आहे का? ज्यांची फुप्फुसं जुन्या आजाराने थकली आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो. चौथ्या दिवशी बाबांचा सदरा पोटावर सैल झाला. आठवड्यानंतरच्या स्कॅनमध्ये घडातले मोजके मणी उरले होते.

आमच्याकडे कोरोनात आलेलं एक ऑक्सिजनचं मशीन पडून आहे. पोट फुगतं म्हणून ते घरी न्यायचं का, असं मला दोघांनी विचारलं. नेऊ नका. नेहमीचा गॅस म्हणजे हा आजार नव्हे. आणि त्या मशीनची नळी नाकाला लावली तर बाहेरच्या हवेत मिसळून छातीत पोचतो तो जेमतेम चाळीस टक्के ऑक्सिजन. भिंतीतली हवा कधी कधी सडू लागलेल्या आतड्याचंही लक्षण असते, तिथे ऑपरेशनच जीव वाचवतं. पोट लाकडासारखं कडक झालं, ताप आला, उलट्या थांबेनात, तर ओट्यावर चर्चा करत बसू नका, गाडी काढा.

हे फुगे परत होऊ शकतात. म्हणून डॉक्टरांनी घरी सोडताना एका कागदावर आजाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं: पुन्हा कुठे एक्स-रेत हवा दिसली तर डॉक्टरांना हा आधी दाखवा. बाबांनी तो रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घातलाय. बँकेत गेले तरी पिशवीत असतो.