तिसराच का मऊ?

तडा गेलेलं सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण, प्रयोगशाळेत आलं, ते शेरा घेऊनच: "धातू खराब." फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग घडवणाऱ्या कारखान्यात, नोकरी करायची तर हे ऐकायची सवय लागते. तडा तिसऱ्या सिलिंडरला, दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधल्या चिंचोळ्या पट्टीवर. जागा नेहमीचीच.

मिश्रधातूही नेहमीचा: अ‍ॅल्युमिनियममध्ये 7 टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. रासायनिक तपासणी बिनचूक. मायक्रोस्कोपखाली धातू ठिसूळ करणाऱ्या लोहयुक्त सुया नाहीत, हायड्रोजनची छिद्रंही तुरळक. "आमचा दोष नाही" हा अहवाल मी मनातल्या मनात लिहूनही टाकला.

मग सहज चारही सिलिंडरच्या पट्ट्यांची हार्डनेस घेतली. पहिली 84, दुसरी 82, चौथी 85 ब्रिनेल (आकडा जितका कमी, तितका धातू मऊ). तिसरी 61!

हा धातू 540 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पाण्यात बुडवतात, मग 160-170 अंशांवर काही तास ठेवतात. त्यात मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ताकद येते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. इंजिनात तापमान बराच काळ 200 च्या वर राहिलं की मोठे कण लहानांना गिळतात, कण विरळ होतात आणि धातू मऊ पडतो. थंड झाल्यावरही तो मऊच राहतो. त्यामुळे कुठे जास्त तापलं होतं, याचा माग नंतरही काढता येतो.

एकाच हेडात तीन पट्ट्या ठीक आणि एकच मऊ, म्हणजे तिथेच उष्णता साचली होती. तापलेली पट्टी फुगू पाहते, भोवतालचा थंड धातू फुगू देत नाही, ती दबते. इंजिन थंड होताना तीच ताणली जाते. दर चालू-बंदला हेच. तडा जाणारच.

पण साचली का? हेड कापलं. पट्टीमागची पाण्याची वाट धातूच्या एका पातळ पडद्याने जवळजवळ बुजली होती. ओतताना आतली पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याला, म्हणजे कोअरला, भेग गेली असणार, आणि धातू तीत शिरला असणार.

म्हणजे धातू निर्दोष, पण चूक आमचीच. मनातला अहवाल गुंडाळला.

कोअर शॉपचे प्रमुख तो तुकडा बराच वेळ उलटसुलट करत राहिले. "पण साहेब, हे बाहेरून दिसणार कसं?"

दिसत नाहीच. आत कॅमेरा घालावा लागतो. आमचा कॅमेरा कपाटात होता, खोक्यातून बाहेरही न काढलेला. दुसऱ्या दिवशी त्याच तारखेला ओतलेली उरलेली हेडं तपासायला घेतली. अकराव्यात तसाच पडदा निघाला.