जुनी आलिशान एसयूव्ही आणि महिन्याचे दहा हजार : माझा अनुभव

२०१९ पासून आईचे दोन्ही गुडघे दुखू लागले आणि आमच्या छोट्या हॅचबॅकमध्ये वाकून बसणे तिला जमेनासे झाले. उंच गाडीत चढणे तर त्याहून अवघड होते. फूटबोर्डावर एक पाय ठेवला की दुसरा उचलण्याआधी ती दरवाजाची कड घट्ट धरून, काही न बोलता, बराच वेळ तशीच थांबायची. तुळजापूर आणि अक्कलकोट हे तिचे वर्षानुवर्षांचे नेम, आणि ते सुटू लागले होते. अशात एका स्नेह्यांच्या जुन्या जर्मन एसयूव्हीतून आम्हाला एका लग्नाला जाण्याचा योग आला. त्यांनी एक बटण दाबले आणि गाडी हलका सुस्कारा टाकून खाली बसली. आई सीटवर बाजूने टेकली, दोन्ही पाय आत घेतले आणि दरवाजा तिने स्वतःच लावून घेतला. एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा, ही चैनीची वस्तू आहे असे मी तोवर समजत होतो. त्या दिवशी ती मला गरजेची वाटली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. अशा सोयीची नवी गाडी माझ्या आवाक्याबाहेरची होती आणि अकरा वर्षांच्या गाडीला माझ्या बँकेने कर्ज देण्यास नकार दिला, त्यामुळे जे करायचे ते साठवलेल्या अकरा लाखांतच करायचे होते. एवढ्या पैशांत नवी कोरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही येते, हे अनेक सहकाऱ्यांनी मला सांगितले आणि त्यांचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बरोबरच होते. मी मात्र एक गोष्ट आधीच ठरवली होती: गाडीवर आठ लाखांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही आणि उरलेल्या तीन लाखांना गाडी दारात येईपर्यंत हात लावायचा नाही. जुनी आलिशान गाडी किमतीने स्वस्त होते, पण तिचे सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाने मिळतात. पन्नास लाखांची गाडी आठ लाखांना मिळाली म्हणून तिचा, फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर आठ लाखांच्या गाडीच्या भावाने मिळत नाही. हे ज्याने गृहीत धरले नाही, त्याची गाडी वर्षभरात ताडपत्रीखाली उभी राहते. अशा दोन गाड्या मी सोलापुरातच पाहिल्या आहेत.

मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी या तिन्ही कंपन्यांच्या २००९ ते २०१२ दरम्यानच्या, तीन लिटर सहा सिलिंडर डिझेल इंजिनाच्या गाड्या मी चार महिने पाहत होतो. शेवटी पुण्यातील एका डॉक्टरांची, जून २०१० मध्ये नोंदणी झालेली, शहाण्णव हजार किलोमीटर चाललेली गाडी मनात भरली. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ (प्रदूषणाच्या अधिक कडक निकषांचे) इंधन पहिल्यांदा आले, तेव्हा दिल्ली परिसराबरोबर ज्या १३ शहरांना ते मिळाले त्यांत पुणे होते आणि आपले सोलापूरही होते. त्यामुळे या गाडीला पहिल्या दिवसापासून ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) गंधकाचे, म्हणजे अधिक स्वच्छ डिझेल मिळाले होते. उर्वरित देशात तेव्हा याहून कितीतरी जास्त गंधकाचे डिझेल मिळत असे. जुन्या डिझेल गाडीची चौकशी करताना ती कोणत्या गावात फिरली हे मी म्हणूनच आवर्जून विचारतो.

तपासणीसाठी मी हडपसरला मेहुण्यांकडे मुक्कामाला गेलो आणि डॉक्टरांना एक विनंती केली: संध्याकाळी गाडी सपाट जागेवर उभी करू द्या आणि सकाळी मी येईपर्यंत ती सुरू करू नका. रात्री आठ वाजता मेजरिंग टेपने चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहिले. सकाळी सात वाजता पुन्हा मोजले. पुढची दोन्ही चाके जागच्या जागी होती, मागचे डावे अर्धा सेंटिमीटर खाली आले होते आणि मागचे उजवे साडेचार सेंटिमीटर. म्हणजे मागच्या उजव्या एअर बेलोमधून, त्या हवेच्या रबरी फुग्यातून, हवा गळत होती. दुसरी गोष्ट शेजारच्या सीटखाली सापडली. कार्पेटखाली बोटे घातली तेव्हा तिथला फोम ओलसर लागला आणि बोटांना कुबट वास आला. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या धुळीने तुंबल्या की पावसाचे पाणी थेट पायाखाली उतरते, आणि अशा गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल (गाडीचे छोटे संगणक) आणि वायरिंगचे जोड बऱ्याचदा तिथेच असतात. गाडीतल्या दोषांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावून मॉड्यूल तपासले, ते सुदैवाने कोरडे होते. किलोमीटरचा आकडाही मीटरवर, सर्व्हिसच्या बिलांवर आणि गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये सारखाच निघाला. टायरवरचा चार अंकी शिक्का २७१४ होता, म्हणजे २०१४ च्या सत्ताविसाव्या आठवड्यातले टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर कडक झाले होते.

या सगळ्यासह वही डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी सव्वाआठ लाख सांगितले होते, व्यवहार सात लाख साठ हजारांवर झाला. सज्जन गृहस्थ, गळतीची त्यांना खरोखरच कल्पना नव्हती, कारण गाडी सुरू केली की कॉम्प्रेसर पाच मिनिटांत ती उचलून बरोबरीला आणत असे.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या, पण आरसीवर एका बँकेचा बोजा तसाच राहिला होता. कर्ज कधीच फिटले होते, तरी बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. जुनी चार ई-चलनेही भरून घ्यावी लागली. विम्याच्या बाबतीत एक गोष्ट मला उशिरा कळली: नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) हा मालकाचा असतो, गाडीचा नसतो. त्यामुळे डॉक्टरांची सवलत मला मिळाली नाही, झीरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारे) संरक्षणही या वयाच्या गाडीला मिळाले नाही, आणि पहिला हप्ता चौतीस हजारांचा आला. आणखी एक चौकशी मी व्यवहारापूर्वीच केली होती. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला ५,००० आणि आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये होणार, अशी अधिसूचना ऑक्टोबर २०२१ मध्ये निघाली होती. ही गाडी भारतात जोडलेली आहे याची खात्री करूनच मी डिसेंबरमध्ये पैसे दिले.

गाडी सोलापुरात आली आणि अक्कलकोट रोडवरच्या एका मिस्त्रींकडे दिली. ते पूर्वी मोठ्या शहरात याच प्रकारच्या गाड्यांवर काम करत होते. पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक फ्लुइड आणि गिअरबॉक्सचे ऑइल, असे अठ्ठावन्न हजारांचे काम झाले. गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे मला एका ठिकाणी सांगण्यात आले होते. असे अनेक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ते साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. मिस्त्रींनी काढलेले ऑइल मी स्वतः पाहिले. ते चहाच्या चोथ्याच्या पाण्यासारखे गडद होते आणि पॅनमधल्या चुंबकांवर राखाडी गाळाचा बोटभर थर होता. चार टायर ब्याण्णव हजारांना बसले.

मग हवेचा प्रश्न. मिस्त्रींनी मागची चाके काढून साबणाचे पाणी फवारले. उजव्या बेलोच्या खालच्या घडीत, जिथे रबर रोज दुमडते, तिथे बारीक फेस दर दोन सेकंदांनी फुगायचा आणि फुटायचा. "सर, अशीच चालवू नका," ते म्हणाले, "हवा गळते म्हणून पंप सारखा चालतोय. अजून दोन महिन्यांत पंपपण जाईल, मग खर्च दुप्पट." त्यांनी दुसरा पर्यायही सांगितला: एअर सस्पेन्शन काढून साध्या स्प्रिंग बसवायच्या, खर्च निम्म्याहून कमी आणि पुढची काळजी संपली. बजेटमध्ये गाडी सांभाळणारे बरेच जण हेच करतात आणि त्यात चूक काहीच नाही. दोन दिवस मीही त्याच विचारात होतो. पण स्प्रिंग बसवली की गाडी खाली बसणार नव्हती, आणि ज्या कारणासाठी ती घेतली तेच कारण मी काही हजारांसाठी काढून टाकले असते.

अधिकृत विक्रेत्याकडे एका बेलोची किंमत अठ्ठ्याहत्तर हजार निघाली. जुन्या भागावरचा पार्ट नंबर लिहून घेऊन मी मुंबई, पुणे आणि हैदराबाद इथल्या विक्रेत्यांना फोन केले. गाडीच्या कंपनीच्या खोक्यात येणारे अनेक भाग मुळात दुसऱ्याच उत्पादकाने बनवलेले असतात आणि त्या उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यात तेच भाग बरेच स्वस्त मिळतात. फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे जोड यांच्या बाबतीत मी हे पुन्हा पुन्हा अनुभवले आहे. बेलो शेवटी बत्तीस हजारांना एक याप्रमाणे मिळाले. डावा थोडाच गळत होता, तरी दोन्ही बदलले, कारण दोन्हींचे वय सारखेच होते. मजुरीसह सत्तर हजार झाले. कॉम्प्रेसर वाचला, त्याचा फक्त रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच) बदलला, कारण जुना रिले चिकटला तर पंप थांबतच नाही आणि जळतो.

पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी सात रस्त्याजवळ डॅशबोर्डवर एकदम पाच दिवे लागले: ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सगळेच. दुसऱ्या शहरातील एका वर्कशॉपने स्कॅनरचा अहवाल पाहून दोन मॉड्यूल बदलण्याचा एक लाख पंच्याऐंशी हजारांचा अंदाज दिला. मी त्या रात्री झोपलो नाही. सकाळी मिस्त्रींनी काहीही उघडण्याआधी बॅटरीला मीटर लावला आणि सेल्फ मारायला सांगितले. व्होल्टेज नऊच्या खाली गेले. बॅटरी कमजोर झाली की या गाड्यांतली मॉड्यूल एकमेकांशी नीट बोलू शकत नाहीत आणि प्रत्येक जण दुसऱ्याची तक्रार नोंदवतो. एकवीस हजारांची नवी बॅटरी बसवली, स्कॅनरने तिची नोंद केली, दोषांचे कोड पुसले, आणि ते पाचही दिवे आजतागायत पुन्हा लागलेले नाहीत. त्या दिवसापासून कोणत्याही मोठ्या अंदाजपत्रकाला होकार देण्याआधी मी बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंगच्या वायरी या तीन गोष्टी तपासून घेतो.

सोलापूरचा उन्हाळा ही वेगळीच परीक्षा आहे. मे २०२३ मध्ये आईला घेऊन तुळजापूरहून परतताना कूलंट कमी असल्याची सूचना आली. मी तिथेच लिंबाच्या सावलीत गाडी थांबवली. इंजिन तापून हेड वाकले तर खर्च लाखाच्या पुढे जातो, म्हणून शहर अर्ध्या तासावर असूनही पुढे नेली नाही. तासभर कूलंटच्या झाकणाला हात लावला नाही. पाइपचा प्लॅस्टिकचा जोड तडकला होता. बारा उन्हाळ्यांत प्लॅस्टिक बिस्किटासारखे ठिसूळ होते. गाडी टोइंगने आणली. जोड अठ्ठावीसशेचा होता, पण पुण्याहून यायला दोन दिवस लागले. तेव्हाच त्या भोवतीचे इतर प्लॅस्टिकचे जोडही बदलले. कूलंटमध्ये बोअरचे पाणी मी कधीच घालत नाही, आपल्याकडच्या क्षारांनी रेडिएटर आतून भरतो. दर मार्चमध्ये एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरची धूळ हलक्या दाबाने धुऊन घेतो आणि जूनच्या आत सनरूफच्या नळ्यांत पाणी ओतून ते चाकांपाशी पडते का हे पाहतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात गाडी रोज धुता येत नाही, पण या दोन कामांसाठी मी बादल्या राखून ठेवतो.

नवी पेठेतल्या गर्दीत गाडी लिटरला साडेसात किलोमीटर देते, पुण्याच्या महामार्गावर अकरा. शहरातल्या लहान फेऱ्यांनी ईजीआरमध्ये (थोडा धूर पुन्हा इंजिनात नेणाऱ्या झडपेत) काजळी साचते, म्हणून गावातल्या कामांना मी स्कूटर वापरतो आणि दर रविवारी गाडी मोकळ्या रस्त्यावर काढतो. आईचे तुळजापूर आणि अक्कलकोट त्यातच होते.

डिझेल सोडून पहिल्या वर्षी विम्यासह दोन लाख पंचाहत्तर हजार खर्च झाले, म्हणजे बाजूला ठेवलेले तीन लाख जवळजवळ संपले. ते नसते तर गाडी मला पहिल्याच पावसाळ्यात विकावी लागली असती. त्यानंतर मी वेगळे खाते उघडले आणि पगाराच्या दिवशी त्यात दहा हजार टाकू लागलो, गाडीला काही झालेले असो वा नसो. दुसऱ्या वर्षी एक लाख बारा हजार गेले, तिसऱ्या वर्षी चौऱ्याण्णव हजार.

जून २०२५ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली. नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म २५, पाच हजारांचे शुल्क, पर्यावरण कर, पीयूसी आणि नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरपाटी घेऊन मी गाडी आरटीओत तपासणीला नेली. निरीक्षकांनी खाली वाकून तेलाची गळती पाहिली, दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले, चेसिस नंबर जुळवला आणि पाच वर्षांसाठी नोंदणी वाढली. हेडलाइटच्या पिवळट काचा मी आधीच पॉलिश करून घेतल्या होत्या. गळीत हंगामात पंढरपूर रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय चालतात, त्यामुळे ते काम तपासणी नसती तरी केलेच असते.

पुढचे दोन्ही एअर बेलो अजून मूळचेच आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी रात्री टेप लावतो आणि रविवारी सकाळी पुन्हा मोजतो. गेल्या दोन महिन्यांत पुढचे डावे चाक प्रत्येक वेळी सहा-सात मिलिमीटर खाली आलेले दिसले. खात्यात सध्या शहाऐंशी हजार आहेत, जोडीची किंमत विचारून ठेवली आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत ते काम करून घेण्याचे मिस्त्रींशी ठरले आहे.