ट्रामचं दार उघडलंय, थांबा ना प्लीज

मागच्या आठवड्यात टोरांटोत कॉलेज स्ट्रीटवर आईला घेऊन स्ट्रीटकारमधून (इथल्या ट्राममधून) उतरत होते. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती आधी दांडा घट्ट धरते, मग एक पाय खाली, मग जरा थांबून दुसरा. पहिला पाय रस्त्याला टेकतोय तेवढ्यात उजवीकडून एक गाडी सुसाट गेली, इतक्या जवळून की आईच्या ओढणीचं टोक उडालं. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. ट्रामच्या ड्रायव्हरने घंटा बडवली, पण गाडी कधीच पुढे गेली होती. आईचा हात घरी पोचेपर्यंत थरथरत होता.

इथे नवीन आलेल्या, गाडी चालवणाऱ्या आपल्या लोकांना खरंच माहीत नसतं म्हणून लिहितेय. कॉलेज, क्वीन, डंडास अशा रस्त्यांवर रूळ मधोमध असतात आणि बहुतेक स्टॉप फुटपाथवर, म्हणजे उतरणारा माणूस थेट तुमच्या लेनमध्येच पाय टाकतो, त्याला दुसरी जागाच नाही. म्हणून दारं उघडी असली की सगळ्यात मागच्या दाराच्या २ मीटर मागे थांबायचं, आणि दारं बंद झाली म्हणून लगेच निघायचं नाही, लोक फुटपाथवर पोचू द्यायचे. नवी ट्राम ३० मीटर लांब आहे, दारं चार, त्यामुळे पुढच्या दाराशी कोणी दिसत नाही म्हणून निघालात तर मागच्या दारातून कोणीतरी उतरत असतं. डावीकडून ओव्हरटेक तर दोन्ही बाजूंनी ट्रॅफिक असलेल्या रस्त्यावर चालतच नाही. स्पडायना रस्त्यासारखा मधे वेगळा प्लॅटफॉर्म असेल तिथे थांबायची सक्ती नाही, पण हळू जा, लोक सिग्नलला धावत येतात.

पकडलं तर दंड आणि ३ डिमेरिट पॉइंट्स (लायसन्सवर नोंदले जाणारे चुकीचे गुण). पण मला दंडाचं सोडा, मला तो अर्धा मिनिट हवाय, जास्त नाही लागत.

आई म्हणाली, लहानपणी दादर टीटीला ती आजोबांचं बोट धरून ट्राममध्ये चढायची (टीटी म्हणजे ट्राम टर्मिनसच, १९६४ ला मुंबईची ट्राम बंद झाली तरी नाव राहिलं). काल पुन्हा बाहेर निघालो तर म्हणाली, आज बसने जाऊया का गं.