पिक्क, पिका, पिक्का : एका एस्टोनियन विशेषणाच्या मागे

तालिनमध्ये एस्टोनियन भाषेच्या वर्गात विशेषणांचा धडा आला तेव्हा मी निर्धास्त होते. या भाषेत लिंगच नाही, म्हणजे मोठा-मोठी-मोठं ही भानगड नाही. मग कळलं की विभक्त्या 14 आहेत आणि नामाला लागलेला प्रत्यय विशेषणालाही लागतो.

मी ‘पिक्क’ हा एकच शब्द धरून बसले. अर्थ लांब, माणसाबद्दल बोलताना उंच. ‘कुइ पिक्क सा ओलेद?’ म्हणजे तुझी उंची किती? डोंगराला मात्र ‘कोर्गे’ म्हणायचं.

शब्दकोशात आधी तीन रूपं बघायची: पिक्क, षष्ठीचं पिका आणि अंशवाचक (एखाद्या गोष्टीचा काही भाग किंवा अनिश्चित प्रमाण सांगणारं) पिक्का. ही अंशवाचक विभक्ती मराठीत नाहीच. ‘पिक्का आएगा’ म्हणजे बराच वेळ. कागदावर हे सोपं दिसतं, बोलताना घाम फुटतो. ‘पिका’त क एकच लिहितात, पण उच्चार आपल्या ‘पक्का’तल्यासारखा, ‘पिक्का’त तो त्याहूनही ताणायचा. माझ्या कानाला हा फरक अजून धड कळत नाही.

पाट्यांची मदत झाली. तोम्पेआ टेकडीवर चढणारी गल्ली ‘पिक्क यल्ग’, म्हणजे लांब पाय. तिच्या तोंडाशी असलेल्या वेशीच्या मनोऱ्याचं नाव सांगताना तीच ‘पिका यला’ होते. दोन्ही शब्द बदलले!

‘लांब रस्त्यावर’ म्हणजे ‘पिकाल तॅनावाल’, ‘वर’चा प्रत्यय दोघांनाही. पण शेवटच्या चार विभक्त्यांत (नि म्हणजे पर्यंत, ना म्हणजे म्हणून, ता म्हणजे शिवाय, गा म्हणजे सह) विशेषण षष्ठीतच थांबतं आणि प्रत्यय फक्त नाम घेतं. उंच माणसासोबत: ‘पिका मेहेगा’. ‘मोठ्या माणसासोबत’ म्हणताना आपणही हेच करतो की! ‘मोठा’ सामान्यरूप घेऊन थांबतो, पुढचं माणूस बघतो. वर्गातले बाकीचे हे चार अपवाद म्हणून घोकत होते. मला उलट आधीचे दहाच विचित्र वाटत होते.

तुलनेला ‘पिकेम’ (पिकातला आ जाऊन ए येतो), सगळ्यात लांब ते ‘कोइगे पिकेम’ किंवा नुसतं ‘पिकिम’. पिकेमचीही पुन्हा षष्ठी, ‘पिकेमा’. त्यातूनच माझा लाडका वाक्प्रचार होतो, ‘पिकेमा युतुता’: जास्त पाल्हाळ न लावता. ता फक्त ‘युतु’ला, म्हणजे ‘बोलण्या’ला. हा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हाच समजला, तक्ता न आठवता.